आकाशातील घटनांची नोंद ठेवताना या चुका टाळा

हौशी निरीक्षकाच्या वहीत हमखास सापडणारे वाक्य साधारण असे असते: ‘रात्री दहाच्या सुमारास उत्तरेला सुंदर हिरवा ध्रुवीय प्रकाश दिसला.’ दहा कोणत्या प्रमाणवेळेनुसार, उजेड क्षितिजापासून किती अंशांवर, हिरवा रंग डोळ्यांनी पाहिला की फोनच्या पडद्यावर, यांपैकी कशाचेच उत्तर त्यात नाही; शिवाय तो ध्रुवीय प्रकाशच होता, हा निवाडा नोंद होण्याआधीच झालेला असतो.

सर्वाधिक फसगत रंगाच्या बाबतीत होते. मंद उजेडात डोळ्यांतील दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग ओळखता येत नाहीत, त्यामुळे फिकट ध्रुवीय प्रकाश विरळ ढगासारखा राखाडी भासतो. कॅमेरा मात्र दहा सेकंद प्रकाश साठवून तोच पट्टा हिरवागार दाखवतो. मे २०२४ च्या तीव्र भूचुंबकीय वादळात अनेकांना फोनवर गुलाबी आकाश मिळाले, पण नुसत्या डोळ्यांना पुसट उजळपणाच जाणवला. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. ती एकाच रकान्यात लिहू नयेत. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरून आणि तांबडा २०० किलोमीटरच्या वरून येतो, म्हणजे रंगावरून उंचीचा अंदाज बांधता येतो. कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारे सेटिंग, ‘ऑटो’वर राहिले, तर तो आधारच डळमळतो. ते ४००० केल्व्हिनच्या आसपास स्थिर ठेवावे, मूळ, प्रक्रिया न केलेली रॉ फाइल जपावी आणि प्रकाश वेगाने हलत असल्यास एक्स्पोजर दोन ते पाच सेकंदांवर आणावे. वीस सेकंदांत किरणांचा नुसता लगदा होतो.

भूचुंबकीय खळबळ मोजणारा केपी निर्देशांक चढला आहे, म्हणून समोरचा उजेड ध्रुवीय प्रकाशच असणार, असा तर्क करू नये. तो आकडा तीन तासांचा आणि साऱ्या पृथ्वीसाठीचा असतो. त्यापेक्षा पट्ट्यामागचे तारे मंदावतात का, हे पाहावे. ढगामागे ते मंदावतात किंवा झाकले जातात.

नाव चुकले तरी एक वेळ चालते, वेळ आणि दिशा चुकून चालत नाही. कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या हौशी छायाचित्रकारांनी टिपलेल्या जांभळ्या पट्ट्याला आधी ‘प्रोटॉन कमान’ समजले जात होते. ते नाव चूक ठरले, पण छायाचित्रांची उपग्रहांच्या मोजमापांशी सांगड घालता आली आणि आज ‘स्टीव्ह’ म्हणून ओळखली जाणारी ही घटना नेहमीच्या ध्रुवीय प्रकाशाहून वेगळी असल्याचे पुढे आले.

कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू सरकते, म्हणून सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी फोनवरील सेकंदांसह वेळेचे एकेक छायाचित्र घ्यावे. नोंद जागतिक वेळेत (यूटीसी) करावी आणि मध्यरात्रीच्या गोंधळासाठी ‘१२-१३ ऑगस्ट’ अशी जोडतारीख लिहावी. क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजायला हात लांब केल्यावर दिसणारी मूठ पुरते. ती सुमारे १० अंश व्यापते.

उल्कांच्या नोंदीत ‘बऱ्याच दिसल्या’ हा शब्दप्रयोग बाद समजावा. निरीक्षण केव्हा सुरू झाले व संपले, आकाशाचा किती भाग ढगाळ होता, सर्वांत मंद तारा कोणता दिसत होता, हे संख्येसोबत हवे. संथपणे सरकत मध्येच मावळणारा ठिपका बहुधा पृथ्वीच्या सावलीत शिरलेला उपग्रह असतो. आणि ज्या रात्री आकाश निरभ्र असूनही काहीच दिसले नाही, त्या रात्रीही वहीत वेळेसह शून्य लिहावे. कोरे पान पाहून निरीक्षक जागा होता की झोपला होता, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.