पाठीवरचे १४ किलो ८ वर कसे आणले

हिमाचलात महिनाभर भटकायचं ठरलं, म्हणून भरलेली सॅक घेऊन सिंहगडावर निघालो. आतकरवाडीच्या वाटेने निम्म्यातच खांदे भरून आले. घरी येऊन रद्दीवाल्याच्या काट्याला सॅक अडकवली. १४ किलो, तेही पाण्याशिवाय!

मग सगळं चादरीवर मांडून एकेक वस्तू तोलली. खरं वजन कपड्यांचं निघालं. दोन्ही जीन्स काढल्या. एकदा भिजली की थंडीत जीन्स लवकर वाळतच नाही. सुती टी-शर्टही गेले, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि वर वारा लागला की अंग गारठतं. त्याऐवजी पॉलिएस्टरचे तीन, रात्री धुतले की बहुतेकदा सकाळी कोरडे. जाड स्वेटरऐवजी थर्मल, फ्लीस (हलकं, मऊ उबदार जॅकेट) आणि विंडचीटर असे पातळ थर. रेनकोट मात्र चांगलाच हवा, तिथे काटकसर नको. जड बूट पायातच. आईने दिलेला चिवडा राहू दिला, तो वाटेत संपतोच.

जड सामान पाठीलगत, मधोमध भरलं. कंबरपट्टा नीट आवळला की ओझं खांद्यांवरून कमरेवर येतं. पुन्हा काट्यावर ८ किलो. पुढच्या रविवारी त्याच वाटेने न थांबता गडाचा पुणे दरवाजा गाठला.