छातीतलं पाणी काढताय? या चुका टाळा

"डॉक्टर, सगळं पाणी आजच काढून टाका ना." फुफ्फुसाभोवती पाणी झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हे हमखास म्हणतात. नवे निवासी डॉक्टर त्यांचं ऐकतात, याचा मला जास्त राग येतो. एका वेळी दीड लिटरच्या पुढे सहसा जाऊ नये. बरेच दिवस दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं, तर फुफ्फुसाच्या आतच पाणी झिरपू शकतं.

पंचविशीतला एक मुलगा पाणी काढताना खोकायला लागला, छाती आवळतेय म्हणाला. ज्युनिअर म्हणाला, "थोडंच राहिलंय," आणि ओढत राहिला. मला बोलावलं तेव्हा तोंडाला फेस होता, ऑक्सिजन झपाट्याने उतरत होता. मुलगा वाचला, पण आयसीयूत जाऊन. तेव्हापासून माझ्या युनिटमध्ये खोकला वाढला किंवा छाती आवळली की सुई बाहेर. मग तीनशे मिली का निघालेलं असेना.

दुसरी चूक घरच्यांची: पाणी निघालं, दम थांबला, म्हणजे आजार गेला. पाणी का झालं ते शोधलंच नाही तर ते पुन्हा भरेल. पहिल्यांदा काढलेलं पाणी फेकू नका. प्रोटीन, एलडीएच (एक एन्झाइम), पेशी आणि एडीए (टीबीचा अंदाज देणारं एन्झाइम) तपासा, तुलनेसाठी त्याच दिवशी रक्तही पाठवा. पुढचं सगळं कारणावर ठरतं. टीबीचं पाणी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचं पूर्ण बरं होतं, पण महिन्याभरात बरं वाटलं की लोक गोळ्या सोडतात. तसं करू नका, हात जोडून सांगते. हृदय कमजोर असेल तर बहुधा लघवीच्या गोळ्यांवरच पाणी ओसरतं. कॅन्सरचं पाणी पुन्हा पुन्हा भरतं, आणि हातात अनेकदा काही महिनेच असतात. ते घरच्यांना स्पष्ट सांगावं. अशा वेळी दर आठवड्याला टोचण्यापेक्षा टाल्कची पूड टाकून फुफ्फुसाभोवतीची पोकळी बंद करणं किंवा घरी पाणी काढता येईल अशी नळी बसवणं मला बरं वाटतं. पहिल्या रिपोर्टात कॅन्सरच्या पेशी नाहीत म्हणून निर्धास्तही होऊ नका.

सोनोग्राफीशिवाय टोचू नका. सुई बरगडीच्या वरच्या कडेने घाला, खालच्या कडेला रक्तवाहिन्या असतात.

छातीत नळी घालून ती बाटलीला जोडलेल्या रुग्णाला एक्स-रेला नेताना ती बाटली त्याच्या पोटावर ठेवू नका, छातीच्या खालीच धरा. नळीला चिमटाही लावू नका. हवा गळत असेल तर ती आत कोंडते.