पाणबुडीचा ट्रेलर: आधी रॅम्प मोजा, मग लोखंड कापा

अमेरिकेत हौशी मंडळी घरच्या गॅरेजात एका-दोघांच्या पाणबुड्या बांधतात. जॉर्ज किट्रेज यांच्या आराखड्यातली, दोन माणसांची, ३५० फुटांपर्यंतची के-३५० त्यातली जुनी ओळखीची. अशा पाणबुडीचं वजन बोटीचा तयार ट्रेलर पेलेलही; अडचण येते ती खोलीची. तेवढ्याच लांबीची बोट गुडघाभर पाण्यात तरंगते, तर पाणबुडी पृष्ठभागावर असतानाही छातीइतकं पाणी मागते.

म्हणून हिशेब रॅम्पपासून, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारापासून, सुरू करा. समजा पाणबुडीचा ड्राफ्ट (तरंगताना पाण्याखाली राहणारा भाग) १.३ मीटर, ट्रेलरवरच्या आधारांची जमिनीपासून उंची ०.२५ मीटर आणि मोकळीक ०.१ मीटर. म्हणजे पाणबुडीच्या नाकाखाली १.६५ मीटर पाणी हवं. तिथल्या रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के. म्हणजे नाक काठापासून ११ ते १४ मीटर आत गेलं पाहिजे. गाडीची मागची चाकं काठाशी थांबवली तर तिथून नाकापर्यंत फार तर साडेतीन मीटर मिळतात. उरलेले साडेसात ते दहा मीटर कुठून आणायचे, यावरच ट्रेलरचा सगळा आराखडा ठरतो.

पहिला उपाय म्हणजे आधार खाली आणणं. दर १० सेंटिमीटरला रॅम्पवर जवळपास पाऊण मीटर वाचतो. त्यासाठी खाली वाकवलेला ॲक्सल (चाकांना जोडणारा दांडा) घ्या आणि पाणबुडी दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्ये बसवा. दुसरा उपाय, गाडी आणि ट्रेलर यांच्यामधला, ट्यूबमधून बाहेर सरकणारा लांब दांडा. तो ३ मीटरच्या पुढे नेऊ नका, वाकतो. एवढ्यानेही भागलं नाही तर पुढे तिसरं चाक लावा, ट्रेलर गाडीपासून सोडा आणि जाड पट्ट्याने बांधून खाली उतरवा. ट्रेलर गाडीला जोडणारा कप्लर काढायच्या आधी पट्टा ताणून बांधा आणि चाकांना ठोकळे लावा. २,००० किलोची पाणबुडी आणि ७०० किलोचा ट्रेलर १५ टक्के उतारावर सुमारे ४०० किलोच्या जोराने खाली ओढतात. तरी पट्टा ३ टनांचा घ्या, कारण झटका या हिशेबात धरलेला नाही. पट्टा पॉलिएस्टरचाच हवा. नायलॉन ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो.

काँक्रीट कुठे संपतं ते आदल्या दिवशी बांबूने चाचपून या. बोटींच्या पंख्यांनी रॅम्पच्या टोकापुढे खड्डा खणलेला असतो. चाकं एकदा त्यात उतरली की ट्रेलर बाहेर निघता निघत नाही.

आधार कवचाच्या आतल्या, मजबुतीसाठीच्या गोल कड्यांच्या बरोबर खाली द्या, दोन कड्यांमधल्या नुसत्या पत्र्याखाली नको. आणीबाणीत सोडायच्या वजनावर भार अजिबात येऊ देऊ नका. ते रस्त्याला घासणार नाही इतकी जागाही सोडा.

परत चढवताना खरी गंमत होते. पाणबुडी अर्धी आधारावर आणि अर्धी पाण्यात असताना तिची स्थिरता घटते आणि ती कलंडू पाहते. त्यासाठी दोन्ही बाजूंना उभे खांब हवेत: पीव्हीसी पाइप चढवलेले, ट्रेलर पूर्ण बुडाल्यावरही पाण्यावर अर्धा मीटर दिसणारे. कवचापासून ५ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि बाजूचे थ्रस्टर (पाणबुडी ढकलणारे पंखे) त्यात अडकत नाहीत ना, ते पाहा. बॅलास्ट टाक्या, म्हणजे बुडी मारण्यासाठी पाणी भरायच्या टाक्या, आधी हवेने फुंकून रिकाम्या करा. तरी राहिलेलं पाणी बाहेर येताना वजन वाढवतंच, म्हणून उतारावर मध्येच थांबून ते निथळू द्या.

३,५०० पौंडांचे, म्हणजे सुमारे १,६०० किलोचे, दोन ॲक्सल पाणबुडी आणि ट्रेलरच्या मिळून २,७०० किलोंना पुरतात. कप्लरवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा; कमी असेल तर वेगात ट्रेलर डुलतो. बॅटऱ्या बसवून वजन करा आणि मगच ॲक्सल पक्के वेल्ड करा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. खाऱ्या पाण्यासाठी डिस्क ब्रेक बरे, ड्रममध्ये मीठ बसतं. ट्रेलरच्या चौकोनी नळ्यांना भोकं पाडा, नाहीतर हवा कोंडून ट्रेलरच तरंगायला लागतो.

लांबून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. चाकाचा तापलेला हब (मधला भाग) थंड पाण्यात बुडाला की सीलमधून पाणी आत खेचतो आणि बेअरिंग जातं. हब हाताला गार लागेपर्यंत थांबा, तोवर दिव्यांची वायर काढून ठेवा. रस्त्यावर ॲक्रिलिकच्या खिडक्यांवर जाड झाकण हवं, पट्टा त्यांच्यावरून नेऊ नका. धूळ बसली तर भरपूर पाण्याने धुवा. स्पिरिट लावलंत तर बारीक तडे पडतात आणि ती खिडकी बाद होते.