इमर्सन-थोरोच्या वह्या उतरवताना या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन निबंधकार राल्फ वाल्डो इमर्सन याच्या रोजनिशीचं पान पहिल्यांदा हाती घेणारा माणूस हमखास एका ठिकाणी फसतो. पानावरच्या मजकुरावरून वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ गेलेली असते. कधी एक, कधी दोन-तीन. नवखा संपादक ती पाहतो आणि टीप लिहून मोकळा होतो, ‘हा परिच्छेद लेखकाने खोडला आहे.’ प्रत्यक्षात झालेलं असतं बरोबर उलटं. इमर्सनसाठी या वह्या म्हणजे बचतीचं खातं होतं. व्याख्यान किंवा निबंध लिहायला बसला की तो वहीतून मजकूर उचलायचा, आणि उचललेल्या मजकुरावर रेघ ओढायचा. वाणसामानाच्या यादीत घरी आलेल्या जिनसांवर आपण काट मारतो ना, तशी ही रेघ. तो मजकूर त्याला नकोसा झाला नव्हता. उलट, कामी आला होता.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या : रेघ दिसली की ती कशासाठी ओढली आहे ते आधी ठरवा. शब्दांवरून आडवी गेली असेल आणि वर किंवा पुढे दुसरा शब्द लिहिला असेल, तर ती खाडाखोड. सबंध परिच्छेदावरून उभी किंवा तिरकी गेली असेल, तर तोच मजकूर त्याच्या छापील निबंधांत, व्याख्यानांत शोधा. बहुतेक वेळा सापडतो. हार्वर्डने 1960 ते 1982 या काळात काढलेल्या रोजनिशीच्या 16 खंडांत या खुणांची स्वतंत्र नोंद ठेवली आहे, आणि त्यामुळेच कुठला विचार वहीतून कुठे गेला हे आज पाहता येतं. रेघेला खाडाखोड समजणारा संपादक ही सगळी वाटच बुजवून टाकतो.

याच वह्यांत आणखी एक अडचण आहे. इमर्सनने कित्येक ठिकाणी आधी पेन्सिलीने लिहिलं, ते खोडरबराने पुसलं आणि त्यावरच शाईने दुसरं काही लिहिलं. स्कॅनमध्ये खालची पेन्सिल जवळजवळ दिसत नाही. स्कॅनवर काम करणं आता सोपं झालं आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना दुसरा मार्गही नसतो. पण स्कॅनवरून उतरवलेला पाठ अंतिम मानू नका. कागदातला बारीक डाग पूर्णविराम वाटतो, मागच्या पानावरची शाई उमटून स्वल्पविराम तयार होतो, शिवणीत गेलेलं अक्षर गायबच होतं. शंकेच्या जागांची यादी करा आणि मूळ वही जिथे असेल तिथल्या ग्रंथपालांकडून किंवा स्वतः जाऊन तेवढ्या जागा तरी तपासून घ्या. इमर्सनच्या वह्या हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, त्याचा लेखक मित्र हेन्री डेव्हिड थोरो याच्या बहुतेक न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात.

लेखकाला ‘सुधारू’ नका

ही चूक आपल्या, म्हणजे भारतीय, वाचकाकडून फार चटकन होते. थोरो आपल्या रोजनिशीत मनुस्मृतीबद्दल भारावून लिहितो, पण नाव लिहितो ‘मेनू’. आपला हात शिवशिवतो. ‘मनु’ केलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं : ‘मेनू’ हे स्पेलिंग सर विल्यम जोन्सचं आहे. त्याने मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर 1794 साली प्रसिद्ध केलं तेव्हा नाव तसंच लिहिलं होतं, आणि थोरोने वाचलं ते हेच भाषांतर. गीतेच्या बाबतीतही तेच. चार्ल्स विल्किन्सच्या 1785च्या भाषांतरात ‘भग्वत-गीता’ असं ‘भगवत’मधला एक स्वर गाळलेलं नाव आहे. कॉन्कॉर्ड या गावातल्या इमर्सन-थोरोच्या मंडळींच्या लेखनात ते रूप दिसलं, तर कुठलं पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं याचा तो धागा आहे. तुम्ही आजचं शुद्ध रूप लिहिलंत की धागा तुटला. खुलासा करायचाच असेल तर टीपेत करा. पाठाला हात लावू नका.

तोच नियम साध्या इंग्रजी शब्दांना. कवयित्री एमिली डिकिन्सन ‘अपॉन’ हा शब्द ‘यू’ऐवजी ‘ओ’ने सुरू करते, आणि एकदा-दोनदा नव्हे, सतत. तिचे डॅश लांबीला सारखे नसतात, कधी वर चढतात तर कधी खाली उतरतात. जुन्या संपादकांनी त्यांचे स्वल्पविराम आणि पूर्णविराम केले, वाक्यं नीटनेटकी झाली आणि तिचा श्वास हरवला. मला विचाराल तर छापील डॅश ही तडजोडच आहे, पण स्वल्पविराम ही लबाडी आहे.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहायला शिकलेली माणसं दोन ‘एस’ लागोपाठ आले की पहिला लांब काढत. ‘मिस’ हा शब्द त्यामुळे ‘मिफ्स’सारखा दिसतो. ते स्पेलिंग नाही, अक्षराचं वळण आहे. ते ‘एफ’ म्हणून छापणं हीही तितकीच मोठी चूक.

तारीख वारावरून ठरवण्याची घाई

पत्रांत ही कायमची डोकेदुखी. वर नुसतं ‘मंगळवार संध्याकाळ’ लिहिलेलं असतं, किंवा तारीख आणि वार असतो पण साल नसतं. पोस्टाच्या शिक्क्यावरही कितीदा दिवस आणि महिनाच असतो. मग दिनदर्शिका काढून साल शोधायचं आणि पहिलं जुळलेलं साल लिहून टाकायचं, असं होतं.

समजा थोरोच्या एखाद्या कागदावर ‘रविवार, 22 ऑक्टोबर’ एवढंच आहे. 22 ऑक्टोबर 1837 हा रविवार होता, आणि त्याच दिवशी त्याने रोजनिशी सुरू केली, हे साऱ्या अभ्यासकांना पाठ. त्यामुळे मन लगेच तिकडे धावतं. पण 22 ऑक्टोबरला रविवार 1843 मध्येही आला, 1848 मध्येही आणि 1854 मध्येही. आता इतर पुरावा लागेल. 1843च्या ऑक्टोबरात थोरो कॉन्कॉर्डमध्ये नव्हता, स्टेटन आयलंडवर इमर्सनच्या भावाच्या मुलांना शिकवत होता. मजकुरात कॉन्कॉर्डचं घर, तिथलं हवामान असेल तर ते साल बाद. राहिली तीन. तिकीट चिकटवलेलं असेल तर 1837 बाद, कारण अमेरिकेत टपाल तिकिटं 1847 मध्ये आली. पण तिकीट नाही म्हणून 1837 सिद्ध होत नाही, कारण आल्यानंतरही काही वर्षं ती लावण्याची सक्ती नव्हती. शेवटी कागद, अक्षराचं वळण, मजकुरातली माणसं यांवर यावं लागतं. एवढं करूनही निर्णय झाला नाही, तर उरलेली सगळी सालं प्रश्नचिन्हासह द्या. जानेवारीतल्या पत्रांवर लेखक स्वतःच जुनं साल लिहून जातो हेही विसरू नका. तिथे मात्र वार उपयोगी पडतो.

घरच्यांच्या हातातून आलेला पाठ

कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न 1864 मध्ये गेला. त्याच्या टिपणवह्यांतले उतारे पत्नी सोफियाने 1868 मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी तिने कित्येक ओळींवर गडद शाई फिरवली, काही भाग कात्रीने कापले आणि तिला खडबडीत वाटलेले शब्द बदलले. अभ्यासक रँडल स्टुअर्टने 1932 मध्ये त्या शाईखालचं बरंच वाचून परत आणलं, तेव्हा अनेकांना वेगळाच हॉथॉर्न भेटला. लेखिका मार्गारेट फुलरचं दुःख याहून मोठं. 1850 मध्ये न्यूयॉर्कजवळ जहाज फुटून ती बुडाली आणि 1852 मध्ये तिच्या तीन मित्रांनी, त्यांत इमर्सनही होता, तिच्या आठवणींचं पुस्तक काढताना तिचेच कागद कापले, चिकटवले, त्यांवर शाई फिरवली. त्यातलं काही कायमचं गेलं. डिकिन्सनने भावाला लिहिलेल्या पत्रांत वहिनी सुझनबद्दलचे मायेचे शब्द कुणीतरी खरवडून काढलेत.

तेव्हा पहिली छापील आवृत्ती समोर ठेवून उतरवू नका. थोरोच्या बाबतीत तर वहीसुद्धा पुरी नसते. सुरुवातीच्या वह्यांची पानं त्याने स्वतःच पुस्तकांसाठी फाडून घेतली होती. पुढे 1906च्या खास आवृत्तीचे 600 संच निघाले, त्यांतल्या प्रत्येकात त्याच्या हस्तलिखिताचं एकेक खरं पान बांधून विकलं गेलं. संग्राहकांना आनंद झाला असेल. अभ्यासकांना ती पानं अजून गोळा करावी लागताहेत.

चिन्हांचं कुंपण

सगळी खाडाखोड दाखवायची म्हणून पाठात कंस, बाण, तिरक्या रेघा ठासून भरण्याचा मोह होतो. 1968 मध्ये समीक्षक लुइस ममफर्डने हार्वर्डच्या त्या रोजनिशी-खंडांवर टीका करताना ‘काटेरी तारेमागचा इमर्सन’ असं म्हटलं होतं. मला ती टीका अर्धी पटते. पुरावा हवाच, पण वाचणारा प्रत्येक ओळीत अडखळू नये. रोजनिशीत खाडाखोड पाठात ठेवावी, कारण तिथे विचार घडताना दिसतो. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, शाईचे डाग वगैरे मागच्या यादीत न्यावेत. बर्कलीच्या मार्क ट्वेन प्रकल्पाने पत्रांसाठी खोडलेले शब्द रेघेसह सरळ पाठातच दाखवण्याची पद्धत वापरली. ती वाचायला सोपी आहे.

आणि मुद्रितशोधन एकट्याने डोळ्यांनी करू नका. डोळा हवं ते वाचतो. एफ. ओ. मॅथिसेनसारख्या जाणत्या समीक्षकाने 1941 मध्ये मेलव्हिलच्या कादंबरीतल्या ‘मळलेल्या माशा’च्या प्रतिमेचं मनापासून कौतुक केलं. मेलव्हिलने लिहिलं होतं ‘वेटोळं घातलेला मासा’. इंग्रजीत फरक एका अक्षराचा, ‘सी’ऐवजी ‘एस’, आणि तो पुढच्या एका आवृत्तीतल्या छपाईत शिरला होता. म्हणून दोघांनी बसा. एकाने मूळ हस्तलिखितावरून मोठ्याने वाचायचं, अगदी ‘कॅपिटल टी’, ‘स्वल्पविराम’, ‘डॅश’, ‘नवीन ओळ’ हे सगळं उच्चारून. दुसऱ्याने उतरवलेल्या प्रतीवर बोट ठेवून मिळवत जायचं. तासाभराने थांबा, कारण त्यानंतर कान थकतो. दुसऱ्या फेरीत जागा बदला, आणि पहिल्या फेरीत ज्याने प्रत धरली होती त्याच्या हाती मूळ द्या.