सहल एकाच जागी न्या, दोरी बरोबर घ्या

सहावी ते आठवीच्या मुलांना एका दिवसात चार ठिकाणं दाखवू नका. बसमध्येच थकतात बिचारी. नागपूरकरांनी काटोल रोडवरचं जुनापाणी निवडावं. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली दगडी वर्तुळं तिथे उघड्या माळावर आहेत.

जाताना लांब सुती दोरी आणि मोजपट्टी घ्या. चार-चार मुलांचे गट करा. दोरी वर्तुळाच्या कडेने फिरवून परीघ मोजायचा, मग आरपार धरून व्यास. भागाकार ३.१४ च्या आसपास आला की मुलं एकमेकांच्या वह्या ओढून बघतात! वर्तुळ ओबडधोबड असेल तर उत्तर थोडं हलतं. ते का हलतं, हे त्यांनाच शोधू द्या, आपण सांगायची घाई करू नये. काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. त्यांवरून हळूच बोट फिरवू द्या, पण दगड हलवायचा नाही, खडूही लावायचा नाही. हे संरक्षित स्मारक आहे.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर निघा. टोपी, भरपूर पाणी आणि बंद बूट हवेतच.