गेम घड्याळावर नको, मॅचवर थांबवा

‘पाचच मिनिटं’ म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजतो, आणि फोन हिसकावला की भांडण. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये एरांगेल या नकाशावरची क्लासिक मॅच साधारण अर्धा तास चालते. मध्येच सोडली तर टीममधले मित्रही अडकतात, म्हणून मूल चिडतं.

१. मिनिटं नव्हे, मॅच ठरवा: दोन. दुसरी सुरू होण्याआधीच ‘ही शेवटची’ असं बोलून घ्या.
२. मॅच संपताच ॲप बंद. लॉबीत, म्हणजे पुढची मॅच सुरू करायच्या स्क्रीनवर, रेंगाळलं की तिसरी सुरू झालीच म्हणून समजा.
३. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये त्या गेमला ७५ मिनिटांचा टायमर लावा. मध्यरात्री ती मिनिटं पुन्हा नव्याने मिळतात, त्यामुळे रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरातच.

झोप, जेवण, शाळा बुडू लागली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.