गरम झाल्यावर सुरू न होणारी पद्मिनी: दोष शोधायचा कसा

सकाळी अर्ध्या सेलमध्ये सुरू होणारी प्रीमियर पद्मिनी घाट चढून चहासाठी थांबली की पुन्हा सुरू होत नाही आणि तासाभराने, जणू काही झालेच नव्हते अशा थाटात, सुरू होते. ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तोवर ती थंड झालेली असते. मग कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारी), पेट्रोल पंप आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) अंदाजाने एकामागून एक बदलले जातात. हा दोष गाडी गरम असतानाच, ती अडून बसली असतानाच तपासला पाहिजे. त्यासाठी एक बदली कॉइल, एक कंडेन्सर (पॉइंटजवळचा, ठिणगी नीट पडायला मदत करणारा छोटा भाग) आणि साधा मल्टीमीटर गाडीत ठेवावा.

प्रथम सेल मारून केवळ आवाज ऐकावा. इंजिन जड, रडतखडत फिरत असेल तर पेट्रोलकडे वळण्याचे कारण नाही. तांब्याच्या तारांचा आणि स्टार्टरच्या गुंडाळ्यांचा विरोध उष्णतेने वाढतो, त्यामुळे थंडीत कसेबसे निभावणारे गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थिंग गरम गाडीत उघडे पडते. सेल मारताना बॅटरीचा दाब सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये, तसेच बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ठोकळा यांच्यातील फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. तारा ठीक असूनही इंजिन मध्येच उलटा झटका देत असेल, तर इग्निशनचे टायमिंग जास्त पुढे गेले आहे का, म्हणजे ठिणगी वेळेच्या फार आधी पडते का, ते पाहावे.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर बॉनेट उघडून पेट्रोलचा वास घ्यावा. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. इंजिन बंद होताच पाण्याचे अभिसरण आणि पंखा दोन्ही थांबतात, पण ठोकळ्यातील व एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधील उष्णता तशीच असते, त्यामुळे बॉनेटखालचे तापमान पुढची दहा-वीस मिनिटे उतरण्याऐवजी चढते. पेट्रोलमधील हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. ही उकळी कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) आली तर पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये सांडते आणि गाडी ‘ओव्हर’ होते, म्हणजे जास्त पेट्रोलने गुदमरते. पंपात किंवा नळीत आली तर तिथे वाफ कोंडते, पंप वाफच दाबत बसतो आणि इंजिन उपाशी राहते. कारण एकच, परंतु परिणाम परस्परविरुद्ध, आणि म्हणूनच ऐकीव उपाय एका गाडीला लागू पडतो आणि दुसरीला बाधतो.

वास उग्र असेल तर चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी खुंटी) पूर्ण आत ढकलावा, ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि आठ-दहा सेकंद सेल मारावा. पाय वरखाली करू नये, कारण दर वेळी ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल आत फेकतो. गाडी अशी सुरू होत असेल तर फ्लोटची पातळी आणि नीडल व्हॉल्व्ह (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप) तपासून घ्यावेत. वास नसेल, तर एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात पाहत थ्रॉटलचा दांडा हलवावा. जेटमधून धार उडाली नाही तर पेट्रोल पोहोचत नाही. पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबणे हा घाटातला जुना उपाय खरोखर चालतो. तापलेल्या मॅनिफोल्डवर मात्र पाणी ओतू नये, बीड तडकते. कायमच्या उपायासाठी पंप आणि ठोकळा यांच्यामधला उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना ते पाहावे (दुरुस्तीत तो हमखास हरवतो), आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी. टाकीजवळ विद्युत पंप बसवायचा झाल्यास तो कमी दाबाचाच, दोन ते तीन पीएसआयचा हवा. अधिक दाब नीडल व्हॉल्व्हला आवरत नाही. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे ही उकळी लवकर येते आणि जुने रबरी डायफ्राम व नळ्याही खराब होतात, तेव्हा ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत.

पेट्रोल पोहोचते आणि गाडी ओव्हरही नाही, तर संशय इग्निशनवर घ्यावा. प्लगच्या तारेवर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारी बत्ती) लावून सेल मारताना ती चमकते का ते पाहावे. पेट्रोलचा वास असताना उघडी ठिणगी पाडण्याचा प्रयोग कोणीही करू नये. चमक नसेल किंवा तुटक असेल तर थंड असलेली बदली कॉइल जोडावी. गाडी लगेच सुरू झाली तर निकाल लागला. नाही तर कंडेन्सर बदलून पाहावा. मीटरवर भरवसा ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की बॅलास्ट (कॉइलला मालिकेत जोडलेला जादा रोधक) नसलेल्या बारा व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी विरोध सुमारे तीन ओम असतो, पण थंड अवस्थेत बरोबर आकडा दाखवणारी कॉइलही गरम झाल्यावर आतून तुटू शकते. ही सारी तपासणी करताना इग्निशन विनाकारण चालू ठेवू नये. पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेल्या स्थितीत इंजिन थांबले असेल तर चांगली कॉइलही त्याने जळते.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर गरम इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजावे. टॅपेटची (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाची) फट फार कमी ठेवलेली असेल तर व्हॉल्व्ह तापल्यावर पूर्ण बसत नाहीत आणि हा दाब गळतो.

दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा तशीच तापवावी, बॉनेट बंद ठेवून पंधरा मिनिटे उभी करावी आणि मग सेल मारावा. दुपारच्या उन्हात ही परीक्षा लागोपाठ दोनदा पार झाली, तरच बदललेला भाग खरा दोषी होता असे धरावे.